थायरॉईडची जागरूकता : कुठे उणी, कुठे जादा

थायरॉईडच्या नावाने वर्षात दोन दिवस पाळले जातात. 25 मे हा जागतिक थायरॉईड दिन. त्या आठवड्यात पॅथॉलॉजी लॅबच्या दारावर सवलतीचे फलक लागतात, मोबाइलवर ‘टी-थ्री, टी-फोर, टीएसएच निम्म्या दरात’ असे मेसेज येतात आणि आरोग्य पुरवणीत गळ्यावर फुलपाखरू बसलेल्या बाईचं चित्र छापून येतं. दुसरा दिवस 21 ऑक्टोबर, आयोडीनच्या कमतरतेमुळे होणाऱ्या विकारांच्या प्रतिबंधाचा. तो सरकारी आरोग्य विभागात आणि एखाद्या शाळेत भाषण, घोषणा, फोटो असा उरकतो. बाजाराला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. मिठाच्या पुडीवर कोण किती कमावणार?

आपल्याकडची थायरॉईडविषयीची जागृती नेमकी या दोन दिवसांसारखी विभागली गेली आहे. जिथे विकायला काही आहे तिथे ती उतू जाते. जिथे नाही तिथे, म्हणजे नवजात बाळाच्या टाचेपाशी, गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत, स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत आणि सकाळच्या चहाच्या कपापाशी, ती कमी पडते. ‘लोकांना थायरॉईडबद्दल माहिती नाही’ हे वाक्य वीस वर्षांपूर्वी खरं होतं. आता सोसायटीच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी थायरॉईडची गोळी चालू असते आणि ती घेणारी बाई शेजारणीला टीएसएचचा आकडा समजावून सांगू शकते. तेव्हा प्रश्न माहितीच्या टंचाईचा कमी आणि माहिती भलत्या जागी साचल्याचा जास्त आहे.

आधी ग्रंथीचं थोडक्यात. शाळेच्या पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात. मानेत पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून असलेली ही ग्रंथी पंधरा-वीस ग्रॅम वजनाची. ती टी-फोर आणि टी-थ्री ही दोन संप्रेरकं बनवते. नावातले आकडे म्हणजे रेणूत बसलेल्या आयोडीनच्या अणूंची संख्या, त्यामुळे आयोडीन नसेल तर हा कारखाना चालूच शकत नाही. हृदयाचे ठोके, पचन, शरीराची ऊब, पाळी, मुलांची उंची, गर्भातल्या बाळाचा मेंदू या सगळ्यांची गती ही संप्रेरकं ठरवतात. त्यांच्यावर देखरेख ठेवते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी. टीएसएच म्हणजे तिने थायरॉईडला मारलेली हाक. घरातलं माणूस ऐकेनासं झालं की हाक मारणाऱ्याचा आवाज चढतो, तसा थायरॉईड मंदावला की टीएसएच वाढतो, आणि थायरॉईड स्वतःच सुसाट सुटला की ही हाक जवळजवळ बंद होते. रिपोर्टवर टीएसएच ‘हाय’ आला म्हणजे ‘हाय थायरॉईड’ झाला, हा सर्रास होणारा गैरसमज इथेच सुटतो. प्रकार बरोबर उलटा आहे.

भारतातला थायरॉईडचा इतिहास मात्र रक्ताच्या तपासणीने सुरू होत नाही. तो मिठाने सुरू होतो आणि सार्वजनिक आरोग्याची इतकी सुंदर गोष्ट आपल्याकडे दुसरी क्वचितच असेल. हिमालयाच्या पायथ्याची माती पावसाने आणि नद्यांनी हजारो वर्षं धुपून आयोडीनला पारखी झालेली. तिथे गळ्याला मोठी गाठ, म्हणजे गलगंड, असणं इतकं नित्याचं होतं की काही गावांत तो आजार वाटतही नसे. 1956 मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आता हिमाचलात असलेल्या कांगडा खोऱ्यात एक प्रयोग मांडला. सुमारे एक लाख वस्तीच्या भागाचे तीन विभाग केले. दोन विभागांत आयोडीन मिसळलेलं मीठ पुरवलं, एकात साधं. सुरुवातीला तिन्हीकडे दहांतल्या जवळपास चौघांना गलगंड होता. सहा वर्षांत आयोडीनवाल्या विभागांत हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं, साध्या मिठाच्या विभागात ते जागचं हललं नाही. मग तिथेही आयोडीनचं मीठ दिलं आणि तिथलाही गलगंड उतरणीला लागला. या कामाचा सविस्तर अहवाल पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आला. त्याच्या लेखकांत डॉ. एम. जी. करमरकर हे मराठी नावही आहे. पुढच्या पिढीत दिल्लीच्या ‘एम्स’मधून हेच काम देशभर रेटणाऱ्या डॉ. चंद्रकांत पांडव यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. थायरॉईडवर महाराष्ट्रात होणाऱ्या कार्यक्रमांत ही नावं ऐकू येत नाहीत, याची मला गंमत वाटते.

1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तो बराच काळ ‘डोंगराळ भागाचा प्रश्न’ या समजुतीखाली रेंगाळला. पाहण्या वाढत गेल्या तसं दिसलं की गलगंडाचे कप्पे मैदानी राज्यांतही आहेत, महाराष्ट्रातल्या काही भागांतसुद्धा. आणि मुख्य म्हणजे गळ्याची गाठ हे या प्रश्नाचं फक्त वरून दिसणारं टोक होतं. उत्तर प्रदेशातल्या देवरिया, गोंडा या जिल्ह्यांत नवजात बाळांच्या नाळेचं रक्त तपासलं, तेव्हा थायरॉईड मंद असलेल्या बाळांचं प्रमाण दिल्ली-केरळच्या कितीतरी पट निघालं. म्हणजे आयोडीन नसलेल्या मातीत पोरांची बुद्धीच खुंटत होती. 1980 च्या दशकात सगळ्या देशाच्या मिठात आयोडीन घालायचं ठरलं आणि 1992 मध्ये कार्यक्रमाच्या नावातून गलगंड जाऊन ‘आयोडीन न्यूनता विकार’ आले.

त्यानंतर जे झालं ते अगदी आपल्या स्वभावाला धरून. ज्या देशात मिठासाठी दांडी, वडाळा, शिरोडा घडलं, तिथे सरकारने कुठलं मीठ विकायचं हे सांगितलं की वाद होणारच. साध्या मिठाच्या विक्रीवर 1990 च्या दशकाच्या अखेरीस केंद्राने बंदी घातली, 2000 मध्ये ती उठवली, आणि मे 2006 पासून पुन्हा लागू केली. विरोध करणाऱ्यांचा छोट्या मिठागरांचा मुद्दा खोटा नव्हता. मीठ शुद्ध करून पाकिटबंद करणाऱ्या मोठ्या उद्योगांना या कायद्याने बाजार मोकळा झाला हे खरंच आहे. पण ‘ज्याला आयोडीन हवं त्याने घ्यावं, इतरांवर सक्ती कशाला’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. ज्या बाळाचा मेंदू पणाला लागतो त्याला दुकानात जाऊन पुडी निवडता येत नाही.

आज 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या सुमारे 94 टक्के घरांत आयोडीनयुक्त मीठ असतं. या यशाचा चमत्कारिक परिणाम असा की ज्यांनी गलगंड पाहिलाच नाही त्या पिढीला आयोडीनची गरजही पटेनाशी झाली. शहरी स्वयंपाकघरांत आता गुलाबी सैंधव आलं आहे, ‘समुद्री नैसर्गिक मीठ’ आलं आहे. त्यावर खनिजांची लांबलचक यादी छापलेली असते. आयोडीन मात्र त्यात बाहेरून मिसळलेलं नसेल तर नगण्य. समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीन आलंच, ही समजूत मुंबई-कोकणातही घट्ट आहे. समुद्रातले मासे आयोडीन देतात, मिठागरातलं मीठ जवळजवळ नाही. उपासाला सैंधव खाण्यात काही बिघडत नाही. पण वर्षभर तेच वापरणारं, मासे न खाणारं, दूधही टाळणारं घर असेल आणि त्यात कुणी बाळाची तयारी करत असेल, तर तिथे प्रश्न आहे.

आकडेमोड सोपी आहे. प्रौढाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला 250. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात किमान 15 पीपीएम, म्हणजे ग्रॅममागे 15 मायक्रोग्रॅम असावं असा निकष. दहा ग्रॅम मीठ खाणाऱ्याचा हिशेब बसतो, पण रक्तदाबासाठी पाच ग्रॅमवर या असं आपण सांगतो तेव्हा आयोडीन निम्म्यावर येतं. त्यावर उत्तर जास्त मीठ खाणं नव्हे; मिठातलं आयोडीन मोजून नीट राखणं हे आहे. बरणीला झाकण हवं, ती शेगडीजवळ नको, आणि खडेमीठ धुऊन वापरायची जुनी सवय सोडायला हवी, कारण वरून फवारलेलं आयोडीन पाण्याबरोबर जातं. आयोडीन-न्यूनतेच्या जिल्ह्यांत आशाताईंनी किट घेऊन घरोघरचं मीठ तपासायचं असतं. थेंब टाकला की मीठ निळंजांभळं होतं. महिन्याला पन्नास नमुने तपासण्याचा मोबदला 25 रुपये ठरवलेला. एका नमुन्याला आठ आणे! थायरॉईडच्या सगळ्या अर्थकारणात सर्वांत उपयोगी काम सर्वांत स्वस्त दराने होतं ते इथे.

कोबी, फ्लॉवर, सोयाबीन आणि आपली बाजरी यांच्याबद्दलची भीती याच गोष्टीची शेपटी आहे. बाजरीत थायरॉईडच्या कामात अडथळा आणणारी द्रव्यं असतात हे खरं. सुदानच्या दारफूरमध्ये बाजरी हेच मुख्य अन्न असलेल्या वस्तीत गलगंडाशी तिचा संबंध दाखवला गेला. पण तिथे आयोडीनही तोकडं होतं. आयोडीनचं मीठ खाणाऱ्या घराने हिवाळ्यात बाजरीची भाकरी आणि कोबीची भाजी सोडण्याचं कारण नाही. गोळी चालू असलेल्यांना तर नाहीच. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘थायरॉईडमध्ये हे खाऊ नका’ याद्यांनी बायकांच्या ताटातून चांगल्या गोष्टी काढल्या, इतकंच त्यांचं कर्तृत्व.

मिठाने एक प्रश्न बराचसा सोडवला, आणि मग दुसरा दिसू लागला. आज शहरात थायरॉईड मंदावण्याचं मुख्य कारण आयोडीनचा अभाव नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर उलटते आणि ती हळूहळू निकामी करते. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्याला मिळालं. हा पुरुषांपेक्षा बायकांत अनेक पटींनी जास्त. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, 5,360 प्रौढांपैकी 10.95 टक्के लोकांत मंद थायरॉईड आढळला. हा आकडा तेव्हापासून प्रत्येक भाषणात आणि जाहिरातीत येतो. सोबत दोन गोष्टी सांगायच्या राहतात. एक, या पाहणीला थायरॉईडच्या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीचं अर्थसाहाय्य होतं. त्यामुळे ती खोटी ठरत नाही, पण वाचताना हे माहीत असावं. दुसरं, या 10.95 पैकी 7.48 टक्क्यांना आपला आजार आधीच ठाऊक होता. नव्याने सापडले ते 3.47 टक्के. म्हणजे त्या शहरांत दोन तृतीयांश रुग्ण तेव्हाच हुडकले गेलेले होते. ‘लाखो लोक अंधारात’ या मथळ्याखाली हा आकडा छापला जातो, तो स्वतः वेगळंच सांगतो.

लक्षणांची यादी बहुतेकांना पाठ आहे : थकवा, केस गळणं, वजन वाढणं, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, पाळीत जास्त रक्तस्राव, आवाज घोगरा होणं. अडचण अशी की यातली पहिली तीन या देशातल्या जवळपास प्रत्येक बाईला कधी ना कधी असतातच. रक्तात हिमोग्लोबिन कमी, झोप अपुरी, घर आणि नोकरी दोन्ही अंगावर, मग थकवा येणार नाही तर काय? थायरॉईडची गोळी या सगळ्यावर उतारा म्हणून शोधली जाते आणि लागू पडली नाही की निराशा येते. वजनाचंच घ्या. मंद थायरॉईडमुळे वाढणारं वजन सहसा दोन ते पाच किलो, आणि त्यातही मीठ-पाण्याचा वाटा मोठा. वीस किलोंचा दोष त्या वीस ग्रॅमच्या ग्रंथीवर टाकता येत नाही. उलट ज्यांना खरोखर तपासणीची गरज असते ते या चित्रात बसत नाहीत : उंची वाढायची थांबलेला पाचवीतला मुलगा, कोलेस्टेरॉल अकारण वाढलेला पन्नाशीचा पुरुष, वर्षभर औषधं घेऊनही नैराश्यातून न सुटणारी बाई, छातीत अनियमित धडधड होणारे सत्तरीचे आजोबा. शेवटच्या उदाहरणात थायरॉईड मंद नसून जलद असण्याची शक्यता असते आणि म्हातारपणी त्याची बाकीची लक्षणं लपून राहतात.

‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये टीएसएच असतोच. त्यातून तयार होतो एक नवा वर्ग : टीएसएच साडेचार ते दहाच्या मध्ये, टी-फोर अगदी नॉर्मल, तक्रार काही नाही. लॅबचा कागद लाल अक्षरात बोंबलतो. पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा केली तर आकडा आपोआप खाली आलेला दिसतो, पण तोवर गोळी सुरू होऊन गेलेली असते, आणि एकदा सुरू झालेली गोळी बंद करायला ना डॉक्टर धजतात ना रुग्ण. पासष्टीपुढच्या अशा 737 लोकांवरची युरोपातली चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. गोळी घेणाऱ्यांत आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत वर्षभरानंतर थकव्याचा किंवा इतर लक्षणांचा फरक दिसला नाही. 2019 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या तज्ज्ञगटाने अशा प्रौढांना सरसकट गोळी देऊ नये असाच सल्ला दिला; गरोदर असलेल्या वा गर्भधारणेच्या तयारीत असलेल्या स्त्रिया, टीएसएच फार वाढलेले रुग्ण हे त्यातून वगळले होते. वयाबरोबर टीएसएच थोडा वाढतोच. ऐंशीच्या आजीचा सहा आकडा पंचविशीच्या मापाने मोजून तिला जादा गोळी देण्यात धोका आहे, कारण मात्रा जास्त झाली की हृदयाची लय बिघडते आणि हाडं ठिसूळ होतात.

जागृतीचा अतिरेक कुठवर जाऊ शकतो हे पाहायला दक्षिण कोरियाकडे बघावं. 1999 मध्ये तिथे राष्ट्रीय कर्करोग तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉईड तिच्यात नव्हता, पण दवाखान्यांनी थोड्या जादा पैशांत मानेची सोनोग्राफीही करून द्यायला सुरुवात केली. 2011 पर्यंत थायरॉईडच्या कर्करोगाचं निदान 1993 च्या पंधरा पट झालं. त्या एका वर्षात चाळीस हजारांहून जास्त लोकांना हे निदान मिळालं आणि जवळजवळ सगळ्यांची शस्त्रक्रिया झाली. या आजाराने होणारे मृत्यू मात्र तेवढेच राहिले. म्हणजे सापडलेल्यांपैकी बहुतेक गाठी आयुष्यभर कुणाला त्रास देणार नव्हत्या. त्रास दिला तो शोधाने. ग्रंथी काढलेली माणसं जन्मभर गोळीवर आली, काहींचा आवाज गेला, काहींचं कॅल्शियम कायमचं खालावलं. 2014 मध्ये तिथल्या काही डॉक्टरांनी जाहीर पत्र काढून ही सोनोग्राफी थांबवा असं सांगितलं आणि वर्षभरात शस्त्रक्रिया तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटल्या.

आपल्या शहरांतली पॅकेजं त्याच वाटेने निघालेली दिसतात. काही तक्रार नसताना मानेची सोनोग्राफी करू नये. मध्यमवयानंतर केली तर लहानसहान गाठी निघतातच आणि त्यातल्या बहुसंख्य निरुपद्रवी असतात. गळ्यात हाताला लागणारी गाठ, झपाट्याने वाढणारी सूज, बसलेला आणि न सुटणारा आवाज, गिळताना अडथळा, लहानपणी मानेला दिलेलं रेडिएशन, घरात थायरॉईडच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी काही असेल तर मात्र टाळाटाळ नको. सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुईने घेतलेला नमुना, एवढ्यावर बहुतेक प्रश्न मिटतात.

आता जिथे जागृती तोकडी आहे तिथे येऊ. पहिली जागा गोळीची. लेव्होथायरॉक्सिन ही जगातल्या उत्तम औषधांपैकी एक. 1891 मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका रुग्ण बाईला टोचला आणि ती पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. त्या धडपडीचं आजचं रूप म्हणजे दिवसाला काही रुपयांत मिळणारी ही चिमुकली गोळी. पण ती पोटात शोषली जायला हट्टी. पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी, खाण्याआधी अर्धा ते एक तास, असं डॉक्टर सांगतात. आपल्या घरांत सकाळी उठल्यावर पहिला चहा. गोळी आणि चहा यांत पाच मिनिटांचं अंतर ठेवणाऱ्या किती जणी ‘मी नियमित घेते तरी टीएसएच वर का?’ म्हणून मात्रा वाढवून घेतात याची मोजदाद कुणी करत नसावं. सोबत पन्नाशीतल्या कॅल्शियमच्या आणि गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या असतात, त्यांच्यात चार तासांचं अंतर लागतं. सकाळी जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी झोपताना घेता येते. डॉक्टरांना विचारून तसा बदल करावा. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबूनच पुन्हा टीएसएच करायचा. दर पंधरा दिवसांनी केला तर फक्त लॅबचा फायदा.

याहून चमत्कारिक प्रकार बायोटिनचा. केस गळतात म्हणून थायरॉईडची तपासणी, आणि केस गळतात म्हणूनच औषधाच्या दुकानातून आणलेल्या बायोटिनच्या गोळ्या. अनेक लॅबच्या यंत्रपद्धतीत हेच बायोटिन मोजणीत घुसतं आणि टीएसएच खोटा कमी, टी-फोर खोटा जास्त दाखवतं. मंद थायरॉईडची बाई कागदावर जलद होते. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवायचं, हे लॅबच्या काउंटरवर विचारलं गेलं पाहिजे. बहुधा विचारलं जात नाही.

गोळी मनानेच बंद करण्याची तऱ्हा वेगळीच. रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे बरं झालं, म्हणून बंद. कुणी काढा सांगितला, म्हणून बंद. लग्न ठरत होतं आणि सासरी कळू नये म्हणून बंद. ज्या ग्रंथीचं कामच संपलं आहे तिच्या बाबतीत रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच. आयुर्वेदाची साथ घ्यायची तर घ्यावी, पण गोळी त्यासाठी सोडू नये. वर्षभर सोडली तर म्हातारपणी थंडीत, एखाद्या संसर्गात, शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

जलद थायरॉईडबद्दल तर बोललंच जात नाही, कारण तो कमी लोकांत. वजन उतरणं, हात थरथरणं, घाम, धडधड, चिडचिड, डोळे पुढे आल्यासारखे दिसणं. तरुण मुलीत हे सगळं ‘परीक्षेचं टेन्शन’ म्हणून जातं. त्यावरची कार्बिमाझोल सुरू असताना अचानक ताप आणि घसा दुखू लागला तर गोळी थांबवून लगेच रक्ताची तपासणी करायची, कारण क्वचित पांढऱ्या पेशी कोसळतात. ही एक सूचना प्रत्येक चिठ्ठीवर ठळक मराठीत लिहिलेली हवी. गोळ्यांनी भागलं नाही तर किरणोत्सारी आयोडीन. इथे महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी संस्था आहे : परळला टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात 1963 पासून चाललेलं अणुशक्ती खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर. तिथे थायरॉईडच्या रुग्णांच्या कित्येक पिढ्यांनी उपचार घेतले. ‘अणू’ म्हटलं की लोक बिचकतात. आयोडीन-131 आठ दिवसांत निम्मं होतं, ते बहुतांशी थायरॉईडमध्येच जाऊन बसतं आणि बाकीचं लघवीवाटे निघून जातं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना ते देत नाहीत, नंतर काही महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. एवढं पाळलं तर साठ वर्षांहून जुना, रुळलेला उपचार आहे हा.

गरोदरपणाकडे वळायचं तर एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे : पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, त्याचा मेंदू आईच्या संप्रेरकांवर घडतो. म्हणून गोळी चालू असलेल्या बाईने पाळी चुकताच डॉक्टरांना फोन करायचा, तिसऱ्या महिन्याच्या नोंदणीपर्यंत थांबायचं नाही. मात्रा बहुधा वाढवावी लागते. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2014 मध्ये गरोदरपणातल्या थायरॉईड तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात जास्त जोखमीच्या स्त्रियांची तपासणी सुचवली आहे : आधी गर्भपात झालेल्या, वंध्यत्वाचा इतिहास असलेल्या, घरात थायरॉईड असलेल्या, आयोडीन-न्यूनतेच्या भागात राहणाऱ्या. शहरातल्या खासगी दवाखान्यांत आता सगळ्यांचीच होते. आदिवासी तालुक्यांत ती किती होते हा खरा प्रश्न.

आणि सर्वांत मोठी उणीव बाळाच्या पहिल्या आठवड्यात आहे. जन्मतःच थायरॉईड नसणं किंवा मंद असणं हे मतिमंदत्वाच्या टाळता येणाऱ्या कारणांतलं सर्वांत ठळक. पहिल्या पंधरा दिवसांत औषध सुरू झालं तर बाळ इतर मुलांसारखं वाढतं, शिकतं. उशीर झाला तर गेलेली बुद्धी कुठल्याही मात्रेने परत येत नाही. आणि हे बाळ दिसायला आजारी नसतं. कावीळ जरा लांबते, शी कमी होते, आवाज घोगरा, जीभ किंचित मोठी. फारसं रडत नाही, तासन् तास झोपतं. आज्या कौतुकाने म्हणतात, किती गुणाचं बाळ आहे, त्रास म्हणून देत नाही.

म्हणूनच लक्षणांची वाट न पाहता प्रत्येक बाळाची तपासणी करायची, ही पद्धत कॅनडातल्या क्युबेक प्रांतात 1974 मध्ये सुरू झाली आणि श्रीमंत देशांत ती कधीच नित्याची झाली. जगात साधारण अडीच ते चार हजार बाळांत एक असं या आजाराचं प्रमाण सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखावर बाळं तपासली, तेव्हा ते सुमारे अकराशेत एक निघालं. गोव्याने 2008 मध्ये नवजात तपासणीचा राज्यव्यापी कार्यक्रम सुरू केला होता, तो टिकला नाही. केरळने नंतर सुरू केला आणि चालवला. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे, पण ऐच्छिक म्हणून. महाराष्ट्रात चांगल्या खासगी रुग्णालयांत आणि काही सार्वजनिक रुग्णालयांत ही तपासणी होते, पण बाळ कुठे जन्मलं यावर ती ठरते.

तंत्र अवघड नाही. टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घ्यायचे किंवा जन्मताच नाळेचं रक्त ठेवायचं, आणि टीएसएच मोजायचा. अडतं ते पुढे. पहिलं बाळंतपण माहेरी, दवाखान्यातून दोन दिवसांत सुटी, रिपोर्ट येतो आठवड्याने, आणि कागदावर नंबर असतो सासरच्या गावी असलेल्या नवऱ्याचा, जो कामावर फोन उचलत नाही. संशयित रिपोर्टचं बाळ पुन्हा शोधून आणणं हे या कार्यक्रमातलं सर्वांत कठीण काम आहे. ते यंत्राने होत नाही. त्यासाठी आशाताई लागते, तिचा प्रवासखर्च लागतो, आणि नोंदणीच्या कागदावर माहेरचा एक आणि आजीचा एक असे दोन जादा नंबर लागतात.

तोवर बाळाच्या घरच्यांनी एवढं करायचं : सुटी मिळण्याआधी विचारायचं, बाळाचा टीएसएच केला का? केला असेल तर आकडा डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्यायचा. नसेल तर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान जवळच्या लॅबमध्ये करून घ्यायचा, बाळंतीण घरी गेली असली तरी. ज्या लॅबच्या दारावर मेमध्ये सवलतीचा फलक लागतो, तिथे तो होतो.